मदत हवी आहे: जुन्या, उंची कमी करून खाली घेतलेल्या पिकअपचे मागचे शॉकअप माउंट तुटले

खाडीकिनारी
नमस्कार मंडळी. मागच्या डाव्या शॉकअपचा वरचा ब्रॅकेट चासीपासून सुटून हातात आला. उजव्यालाही वेल्डिंगच्या कडेने चीर दिसतेय. आमच्याकडचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो, जाड प्लेट घेऊन परत मारू, काही होत नाही. मला एवढंच सांगा, प्लेट किती एमएमची घेऊ आणि वेल्डिंग करू की बोल्ट? चतुर्थीला गणपती याच गाडीतून आणायचा असं घरात ठरलंय, त्यामुळे वेळ नाही. 'कंपनीत न्या' कृपया सांगू नका.

पाटेवाला
कुठली गाडी? साल? मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत की कॉइल? किती खाली घेतली आणि कशी? हे न सांगता प्लेटची जाडी विचारताय. ब्रॅकेट आपोआप सुटत नाही, कोणीतरी त्याला खालून ठोसे मारतंय.

भाऊ मालवणी
फोटो खंय आसा? आमी काय जोतिषी?

खाडीकिनारी
शेव्हरोले ३१००, आजोबांची, सध्या देवगडात. आरसी बुकात १९५२. मागे पाटे. खाली घेण्याचं काम दुसऱ्या शहरातल्या गॅरेजात झालंय, ते आता फोन उचलत नाहीत. फोटो रात्री टाकतो, इथे रेंज नाही. पण साल कशाला हवं? प्रश्न ब्रॅकेटचा आहे.

नियमावली
गाडी खाली घेण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं होतं का? कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय जुलै २०२१ च्या विंटेज नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असेल तरच. तुमची ती संधी गेली असं समजा.

भाऊ मालवणी
@नियमावली, तेचो ब्रॅकेट तुटलो आसा आणि तुमी तेका कोर्टात नेतास.

नियमावली
माहिती दिली. घ्यायची तर घ्या.

पाटेवाला
@खाडीकिनारी, साल कशाला हवं ते सांगतो. या गाड्यांना १९५० च्या आधी दांड्याचे लिव्हर शॉकअप होते, नंतर नळीचे आले, त्यामुळे मूळ माउंटची जागाच वेगळी. दुसरं म्हणजे १९५४ पर्यंत अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेला टॉर्क ट्यूब असायची, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत फिरतो आणि ती नळी एक्सलला घट्ट जोडलेली. तसा एक्सल असेल तर पाटे वरून खाली नेणं हा निराळाच उद्योग होतो. तुमची नळी अजून आहे का? आणि सध्या पाटे एक्सलच्या वर आहेत की खाली?

खाडीकिनारी
नळी नाही. त्या गॅरेजने मागचा एक्सल बदलला, आता शाफ्ट उघडा आहे. इंजिन बाबांच्या काळातच पर्किन्स डिझेल झालं होतं. पाटे आता एक्सलच्या खाली. चासीला एक्सलवर कमानीसारखी काप घेऊन आतून प्लेट मारली आहे. गाडी मागे सहा इंच तरी बसली असेल. दिसते मात्र झकास.

एअरबॅगप्रेमी
पाटे, शॉकअप सगळं काढा आणि मागे एअर सस्पेन्शन (हवेच्या पिशव्या) टाका. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. देवगडच्या गल्लीत वर, फोटो काढताना जमिनीला टेकवा. माझ्या गाडीला आहे, नजर हटत नाही.

दर्यावर्दी
समुद्रावर? तुमची गाडी कुठली? आमच्याकडे बंदरावर उभ्या गाडीचे ब्रेक पाइप गंजून फुटतात, तिथे हवेचे वॉल्व्ह, कॉम्प्रेसर, वायरिंग किती टिकणार? खाऱ्या हवेत जितकं कमी तितकं बरं. @खाडीकिनारी, चासीच्या दुहेरी पत्र्यात रिव्हेटच्या आसपास टोकदार हातोडी मारून बघा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर ब्रॅकेटचा विचार नंतर. दोन पत्र्यांमध्ये गंज फुगतो आणि पत्रा आतून उचलला जातो, वर रंग छान असतो. आम्ही होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतो तसं चासीला लावलं तरी चालेल, फक्त हातमोजे घाला, कातडी भाजते.

एअरबॅगप्रेमी
माझी पुण्याला आहे, पण म्हणून काय झालं?

भाऊ मालवणी
चासीक काजूचा तेल? मगे गाडी चुलीर ठेयची काय?

दर्यावर्दी
हसा. होडी तुमच्या गाडीपेक्षा जास्त वर्षं टिकते.

पाटेवाला
मुद्द्यावर या. पाटे खाली गेले म्हणजे एक्सल चासीच्या जवळ आला, पण शॉकअप जुन्याच लांबीचा राहिला असणार. @खाडीकिनारी, गाडी सपाट जागी, चाकांवर, नेहमीच्या वजनात उभी करा. उजव्या शॉकअपच्या एका डोळ्याच्या (टोकाच्या बोल्टच्या भोकाच्या) मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. मग तो काढून पूर्ण दाबून मोजा, पूर्ण ओढून मोजा. आणि एक्सल चासीवरच्या बंप रबरला (एक्सल वर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) लागेपर्यंत किती जागा आहे तेही. चार आकडे द्या. शॉकअप काढताना गाडी चासीखाली घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. शॉकअप सुटला की एक्सल एरवीपेक्षा खाली लटकतो आणि मधला ब्रेकचा होज ताणला जातो, म्हणून एक्सलखाली दुसरा जॅक हवा.

खाडीकिनारी
मोजलं, फोटोही टाकलाय. उभ्या गाडीत २८५ एमएम. दाबून २८०, ओढून ४४०. एक्सलपासून बंप रबरपर्यंत ६० एमएम. आता प्लेटची जाडी सांगाल का?

पाटेवाला
अहो, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. एक्सलला वर जायला ६० एमएम मोकळे आहेत आणि शॉकअपकडे शिल्लक ५. पहिल्याच खड्ड्यात तो आतल्या आत टेकतो आणि पुढचा सगळा मार ब्रॅकेट खातो. बंप रबरचं काम तुमचा शॉकअप करतोय. दहा एमएमची प्लेट मारलीत तर ब्रॅकेट टिकेल आणि चासी फाटेल, नाहीतर शॉकअपचा रॉड वाकेल.

स्वस्तात_काम
एवढं कशाला? शॉकअप आडवा टाका. वरचं टोक आतल्या बाजूला ओढून ४५ अंशांत बसवा, लांबी आपोआप जमते. जुन्या गाड्यांना सगळे असंच करतात.

पाटेवाला
सगळे करतात आणि मग गाडी बोटीसारखी डुलते म्हणून इथे धागे काढतात. तिरकेपणाचा तोटा दोनदा होतो. एक्सल जेवढा हलतो तेवढा रॉड हलत नाही, आणि जो जोर तयार होतो त्याचाही काही भागच उभ्या दिशेने कामी येतो. उभ्या रेषेपासून २० अंश कलला तर साधारण ८८ टक्के उरतं, ३० ला ७५ आणि ४५ ला निम्मं. हौद्यात माल असेल तर निम्म्यावर काय भागणार?

स्वस्तात_काम
गणपती आणायचाय, आंब्याच्या पेट्या नाही. निम्मं पुरेल.

भाऊ मालवणी
गणपतीक धक्को लागलो तर घरचे तुका ठेवतीत काय रे?

खाडीकिनारी
मूर्ती मातीची आहे, साडेतीन फुटी. आडवा शॉकअप नको. मग काय, नवे आखूड शॉकअप घेऊ?

पाटेवाला
आखूड घ्यायचा तर किती आखूड ते बघा. २८५ मधून ६० गेले, वर २० एमएम राखीव धरले, म्हणजे दाबलेली लांबी २०५ च्या आत हवी. इतका बुटका शॉकअप मिळाला तरी त्याची चाल जेमतेम, मग खाली लटकताना तो ओढून तुटणार. त्यापेक्षा वरचं माउंट ७५ एमएम वर न्या. उभ्या गाडीत लांबी होईल ३६०. एक्सल बंप रबरला लागेल तेव्हा ३००, आणि तुमचा आहे तोच शॉकअप २८० पर्यंत दाबतो, म्हणजे २० शिल्लक. खाली लटकायला ८० मिळतात. शॉकअप गळत नसेल तर नवा घ्यायचीही गरज नाही. प्रश्न इतकाच की चासीच्या वर, हौद्याच्या फळ्यांखाली जागा आहे का?

खाडीकिनारी
चार-पाच बोटं आहे. फळ्या तशाही बदलायच्या आहेत, फणसाच्या टाकू म्हणतोय.

दर्यावर्दी
फणस हौद्याला वाया घालवू नका. ऐन बघा. आणि फळ्यांच्या खालच्या बाजूला आधी तेल...

पाटेवाला
तेल नंतर. जुना ब्रॅकेट विसरा. दोन्ही चासी रेल्सच्या मधे आडवा पाइप टाका: सीमलेस, ४० एमएमच्या आसपास बाहेरचा व्यास, ५ एमएम भिंत. दोन्ही टोकांना ६ एमएमची प्लेट (घ्या तुमची जाडी!) आणि ती चासीच्या उभ्या बाजूला प्रत्येकी चार १२ एमएमच्या, ८.८ ग्रेडच्या बोल्टनी. चासीच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका, तिथे वेल्डिंगही नको, सगळा ताण तिथेच असतो. पाइपवर शॉकअपसाठी दोन-दोन कान उभे करा, म्हणजे बोल्ट दोन्ही बाजूंनी धरला जाईल. तुमच्या फोटोत एका बाजूने बाहेर आलेला खिळ्यासारखा स्टड दिसतोय, असला जुगाड परत नको. कान पाइपला लागतात तिथे तिकोनी आधारपट्टी हवीच.

स्वस्तात_काम
कणकवलीत याला किती घेतील?

पाटेवाला
@स्वस्तात_काम, तुम्हाला करायचंय?

स्वस्तात_काम
नाही, सहज.

लेथ_आणि_चहा
पाटेवाला यांचं पटतं, पण दोन गोष्टी राहिल्या. पाइप पक्का करण्याआधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, पाट्यांची पानं सोडून फक्त मेन पाट्यावर एक्सल जॅकने बंप रबरपर्यंत उचला आणि बघा की डिफरन्शियल किंवा शाफ्ट पाइपला लागत नाही ना. सहा इंच खाली बसलेल्या गाडीत हमखास लागतो. लागला तर पाइप मागे सरकवा किंवा मधे बाक द्या. दुसरं, शॉकअपच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा. एक्सल लटकत असताना आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पोरं हे कधी ऐकत नाहीत.

पाटेवाला
दोन्ही बरोबर. आणि पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट सोडलेच तर जुनेच परत लावू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. नवे लावून थोडं चालवून पुन्हा आवळा.

नियमावली
बोल्टने बसवताय ते योग्य. निदान भविष्यात मूळ रूपात आणता येईल. चासी कापलेली आहे म्हणा.

भाऊ मालवणी
नियमावली गोड झालो! आज भरती मोठी आसतली.

खाडीकिनारी
सगळ्यांचे आभार. फॅब्रिकेशनवाल्याला हे वाचून दाखवलं. आधी 'एवढं कोण करतं' म्हणाला, मग २८५ आणि २८० आकडे कागदावर लिहून दिले तर गप्प झाला. पाइप कणकवलीहून येतोय. उजव्या रिव्हेटजवळ हातोडी मारली तर पापुद्रा सुटला, बोटाच्या पेराएवढा. तिथे कापून नवा पत्रा मारून मगच पाइप बसवणार आहे. दर्यावर्दींना तेवढं श्रेय. काजूचं तेल मात्र नाही.

दर्यावर्दी
पापुद्रा एका ठिकाणी सुटला म्हणजे कॅबच्या मागच्या माउंटजवळही बघा. पावसाचं पाणी तिथे साचतं. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा काढा, डिझेलची टाकीही. विसरतात लोक.

एअरबॅगप्रेमी
पुढच्या वर्षी एअरचा विचार नक्की करा.

लेथ_आणि_चहा
@खाडीकिनारी, तो जुना टॉर्क ट्यूबवाला एक्सल त्या गॅरेजातून परत आणलात का? आणला असेल तर विकू नका. विकायचाच असेल तर मला कळवा, ओळखीत एकाला त्यातलं क्राउन-पिनियन (डिफरन्शियलच्या गिअरची जोडी) हवंय.