सार्वमत, जनमत कौल की लोकेच्छा?

निपाणीकर: स्कॉटलंड आणि कॅटलोनियावरचा लेख मराठीत करतोय. स्वातंत्र्याच्या मतदानाला मी 'सार्वमत' लिहिलं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'जनमत कौल' केलं. कोणता ठेवू?

खानापूर: 'जनमत कौल' आपल्या कानावर आला तो गोव्यामुळे. १६ जानेवारी १९६७. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, पानं जिंकली. देशाबाहेर जाण्याचा पर्यायच तिथं नव्हता. दोन्हींना एक शब्द वापरू नका. सार्वमत ठेवा.

शहापूर: कॅटलोनियात १ ऑक्टोबर २०१७ ला ४३ टक्क्यांच्या आसपासच मतदान झालं, स्पेनमध्येच राहायचं म्हणणारे बहुतेक घरी बसले. त्याला सार्वमत कसं म्हणायचं? कौल बरा. मूळ अरबी, अर्थ दिलेला शब्द. कौलनामा म्हणजे सरकारनं रयतेला दिलेलं अभयवचन. देवळात पाकळ्या लावून घेतलेला कौलसुद्धा मानावाच लागतो.

टिळकवाडी: मग तर कॅटलोनियाला कौल अजिबात चालणार नाही. स्कॉटलंडबाबत २०१२ मध्ये लंडन आणि एडिनबरा यांनी करार करून निकाल मानायचं आधीच कबूल केलं होतं. माद्रिदनं, म्हणजे स्पेननं, मतदानच बेकायदा ठरवलं, घटनेचं १५५ वं कलम लावून प्रादेशिक सरकार बरखास्त केलं. मोठ्या बँकांनी नोंदणीकृत कार्यालयं कॅटलोनियाबाहेर हलवली आणि एकाही देशानं त्या स्वातंत्र्याला मान्यता दिली नाही. उलट स्कॉटलंडनं २०१४ मध्ये ५५.३ टक्क्यांनी 'नको' म्हटलं, तरी पुढच्याच वर्षी स्वातंत्र्यवादी पक्षानं ब्रिटिश संसदेतल्या तिथल्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या, मजूर पक्ष ४१ वरून एकावर आला. हरलेल्या बाजूनं ब्रिटनचं राजकारण फिरवलं. लेखात हे आलंच पाहिजे.

येळ्ळूर: घटनेच्या विषयात अरबी शब्द कशाला? सार्वमत शुद्ध आहे.

शहापूर: मग '१५५ वं कलम' कसं लिहिणार? कलम अरबीच. वकीलही.

अनगोळ: कन्नड पेपरात 'जनमतगणने' येतं. मराठीत तसंच 'जनमतगणना' लिहिलं तर घाईत जनगणना वाचलं जाईल.

खानापूर: आणि 'लोकेच्छा' कुणीच काढली नाही! सीमाभाग महाराष्ट्रात घ्या या आपल्या मागणीची चार सूत्रं: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. ही मागणी देशाच्या आतली आहे. भारतीय घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते. तिला 'फुटून निघणं' म्हणणाऱ्यांना हा फरक ठणकावून सांगायला हवा. निपाणीकर, लेखात सीमाभागाचा दाखला देणार असाल तर 'सामिलीकरण' लिहा.

टिळकवाडी: घटक कोणता, हाच खरा पेच आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात ३० ऑक्टोबर १९९५ ला स्वातंत्र्याला 'नको' ५०.५८ टक्के. त्याआधी तिथल्या क्री या आदिवासी लोकांनी आपलं वेगळं मतदान घेतलं, ९६ टक्क्यांनी कॅनडातच राहायचं ठरवलं. प्रांत फुटू शकतो तर प्रांताचा तुकडा का नाही? १९९८ ला कॅनडाचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर वाटाघाटी कराव्याच लागतील. स्पष्ट म्हणजे किती, ते राजकारण्यांवर सोडलं. माँटेनेग्रोत स्वातंत्र्याच्या मतदानाला ५५ टक्क्यांची अट आधीच घातली होती, २००६ ला ५५.५ पडले.

निपाणीकर: पण मथळ्यात काय लिहू?

येळ्ळूर: 'खेडं हा घटक' यातलं खेडं म्हणजे गावठाण की महसुली गाव?

खानापूर: महसुली गाव. नकाशावर हद्द त्याचीच आखलेली असते, वाड्या त्याच्या पोटात.

अनगोळ: आणि वाडी दोन महसुली गावांत वाटली गेली असेल तर? तिची मतं कुठं धरायची?