ड्रमर नाही, वाड्याची खोली आहे आणि गॉथ वाजवायचंय: आवाज कसा जमवायचा?

पंचवटी_बास

मंडळी, आम्ही तिघं आहोत: बास, गिटार आणि गाणारी. ड्रमर नाही, आणि जुन्या वाड्यातल्या आमच्या खोलीत ड्रम सेट मावणारही नाही. गॉथ म्हणजे गॉथिक रॉक, उदास, काळोख्या सुरांचं रॉक: बाउहाउस, सूझी अँड द बॅन्शीज, सुरुवातीचा द क्युअर या बँडच्या वळणाचं, पण मराठी शब्दांचं काहीतरी करायचंय. सामान म्हणजे चार तारांची बास, सिंगल-कॉइल गिटार (एकेरी वेटोळ्याचे पिकअप, जे घुरघुर सहज पकडतात), एक मल्टी-इफेक्ट (अनेक इफेक्टचं एकच यंत्र), लॅपटॉप आणि दोन चॅनेलचा इंटरफेस (वाद्य-माइक लॅपटॉपला जोडणारा डबा). डिस्टॉर्शन लावलं की मेटल होतं, रिव्हर्ब (घुमारा) वाढवला की नुसता गिचका. वर सतत घूं घूं. आधी काय दुरुस्त करू?

निशाचर_नाशिक

डिस्टॉर्शन बंद करा आणि चाल बासकडे द्या. गिटारने खालचा मजला रिकामा सोडला की निम्मं काम झालं. जॉय डिव्हिजनचा पीटर हुक बासच्या वरच्या पडद्यांवर वाजवायचा, कारण गोंगाटात खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू येत नसत. पुढे तीच या घराण्याची ओळख झाली.

करून बघा: डी तार मोकळी वाजत ठेवा आणि जी तारेवर ७, ९, १०, १२, १४ या पडद्यांवर चाल बांधा. डी मायनरचा रंग लगेच येतो. बोटांनी नको, पिकने वाजवा, ब्रिजच्या जवळ, सगळे फटके खालच्या दिशेने. तारा राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खणखणीत) आणि नव्या हव्यात. मळलेल्या तारांवर कोरस लावला तर फक्त गढूळपणा वाढतो.

कोरसचा (आवाज किंचित डुलवून जाड करणारा इफेक्ट) रेट कमी (०.५ ते ०.८ हर्ट्झ), डेप्थ निम्म्याच्या आसपास. इथे नेहमीची फसगत अशी की अख्ख्या बासला कोरस लागतो, खालचे सूर डुलायला लागतात आणि पाया नाहीसा होतो. म्हणून लॅपटॉपवर बासचे दोन ट्रॅक करा. एकावर १५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून तो कोरा (बिनइफेक्टचा), मोनो आणि मधोमध ठेवा. दुसऱ्यावर १५०च्या खालचं कापा आणि कोरस फक्त त्यालाच लावा.

गिटारचं २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. पॉवर कॉर्ड विसरा. वरच्या तीन तारांवर सुटे सूर, पहिली तार मोकळी झणझणत ठेवून खालचा आकार सरकवत न्या. फ्लँजर (आवाज लाटेसारखा फिरवणारा इफेक्ट) हवा तर रेट ०.२ हर्ट्झ, फीडबॅक निम्मा. सूझीच्या १९८१च्या 'जूजू'मध्ये जॉन मॅकगिऑकची गिटार नीट ऐका, एवढा मोठा आवाज किती कमी सुरांत उभा केलाय ते कळेल. डिलेचा (प्रतिध्वनीचा) वेळ मात्र हिशेबाने लावा: ६०,००० भागिले टेंपो (मिनिटाला मात्रा). १४०च्या टेंपोला मात्रा ४२९ मिलिसेकंदांची, तिची पाऊणपट ३२१. फीडबॅक ३० टक्क्यांच्या वर गेला की तुमचा तो गिचका परत आलाच.

डॉक्टर_हिमवर्षाव

ड्रमर नाही हे तुमचं भाग्य. लीड्सच्या द सिस्टर्स ऑफ मर्सीने ड्रम मशीनलाच बँडचा सदस्य केलं आणि तिचं नाव ठेवलं डॉक्टर अ‍ॅव्हलांश. पहिली मशीन होती बॉसची डीआर-५५. किक, स्नेअर, रिमशॉट, हाय-हॅट, एवढेच चार आवाज. त्यामुळे लॅपटॉपवर शेकडो किट शोधत बसू नका.

सोळा खणांचा साचा घ्या (चार मात्रा, मात्रेला चार खण), टेंपो १४०. किक १, ९ आणि ११ वर. स्नेअर ५ आणि १३ वर. हाय-हॅट प्रत्येक विषम खणावर. स्विंग शून्य, 'ह्युमनाइझ' (फटके मुद्दाम थोडे मागेपुढे करणारी सोय) बंद, सगळे फटके एकाच जोराचे. इथेच बहुतेक जण चुकतात: खऱ्या ड्रमसारखं वाटावं म्हणून जोर कमी-जास्त करतात आणि अर्धवट शिकलेला ड्रमर ऐकू येतो. मशीन मशीनसारखीच वाजली पाहिजे. ओपन हॅट आणि क्रॅश तर पूर्ण गाण्यात दोनदा आले तरी खूप झाले.

स्नेअरला गेटेड रिव्हर्ब हवा, म्हणजे मोठा घुमारा जो मध्येच तुटतो. वेगळ्या बसवर (मिक्सरमधल्या स्वतंत्र वाटेवर) प्लेट रिव्हर्ब, डिके २ सेकंद, *त्याच्या नंतर* नॉइज गेट (ठरावीक वेळाने आवाज बंद करणारं दार). होल्ड १८० ते २०० मिलिसेकंद, रिलीज २०. गेट उघडण्याचा इशारा कोऱ्या स्नेअरकडून साइडचेनने (दुसऱ्या ट्रॅकच्या आवाजावर गेट चालवण्याच्या सोयीने) द्या, नाहीतर रिव्हर्बच्या शेपटीवर गेट फडफडत राहतो. गेट रिव्हर्बच्या आधी लावला तर शेपूट कापलीच जात नाही.

ढोल_सिडको

मशीनबद्दल मान्य, पण नाशकात राहून ढोल विसरलात? सूझीच्या बँडमधला ड्रमर बजी किंवा द क्युअरचा १९८२चा 'पोर्नोग्राफी' ऐका. झांजांपेक्षा टॉमटॉमचं राज्य आहे. ते काम आपला ढोल करतो.

फक्त खर्जाचं पान वापरा. त्याच्या एका कडेला चौघडी केलेली जुनी चादर चिकटपट्टीने लावा, म्हणजे गुंजन लवकर मरतं. माइक पानापासून ३०-४० सेंटीमीटरवर, मधोमध नको, थोडा कडेकडे. इंटरफेसवर सर्वांत मोठा ठोका -१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. टिपरू दणकून बसलं की तिथे क्लिपिंग होतं (आवाज फाटतो) आणि ते नंतर काढता येत नाही. चामड्याचं पान असेल तर श्रावणात ते सैल पडतं, दर दोन-तीन टेकनंतर ताण तपासा. फायबरला तो त्रास नाही, पण त्याचा आवाज टणक येतो, ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा कापावा लागतो.

ताशा मात्र अजिबात नको! त्याची तडतड नेमकी गिटारच्या जागेवर येऊन बसते.

पंचवटी_बास

दोन ट्रॅकची युक्ती लागू पडली, बास उभी राहिली. घूं घूं आहेच. तारांना हात लावला की कमी होते.

निशाचर_नाशिक

मग शिल्डिंग (गिटारच्या आतलं धातूचं आवरण) आणि अर्थिंग, दोन्ही बघा. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, स्वतः खोलू नका आणि प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. तोवर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. मल्टी-इफेक्टला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या, पण ध्रुव आणि व्होल्टेज छापील खुणेप्रमाणेच. ध्रुव उलटा लागला तर यंत्र जळू शकतं. सिंगल-कॉइल ट्यूबलाइट आणि अ‍ॅडॉप्टरपासून लांब धरा आणि जागेवरच हळूहळू वळा, एका कोनात घुरघुर एकदम पडते. त्या कोनातच रेकॉर्ड करा.

रातराणी

गाणारीबद्दल कोणी बोललंच नाही. ओरडू नका, खालच्या पट्टीत, माइकपासून चार-पाच बोटांवर. मराठीत ट, ड, च हे वर्ण रिव्हर्बमध्ये बुडतात, म्हणून रिव्हर्बचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची थांब) ६० ते ८० मिलिसेकंद ठेवा: आधी शब्द कोरा पोचतो, मग त्याचा पसारा. मुखड्याच्या ओळी आ-ई-ऊ अशा दीर्घ स्वरांवर संपवल्या तर रिव्हर्बला धरायला काहीतरी मिळतं.

आणि पोशाख. नाशिकच्या मे महिन्यात मखमल आणि कृत्रिम लेदर म्हणजे हालच, काळं सुती घ्या. काळ्या कापडाची खरी निवड संक्रांतीच्या आधी मेन रोडला मिळते. नवं काळं पहिल्यांदा वेगळं, थंड पाण्यात धुवा. काजळ तेलकट असतं, घामाने गालावर उतरतं. लावल्यावर चपट्या ब्रशने त्यावर काळी आयशॅडो दाबा आणि पापणीखाली पावडरचा हलका हात फिरवा. दोन तास तरी टिकेल.