चवथीला घर भरणार आणि आईचा कोविडचा बूस्टर अजून राहिलाय (गोवा, ऑगस्ट २०२२)

मये_तळ्याकाठचा:
३१ ऑगस्टला चवथ, गणेश चतुर्थी. दोन वर्षं कोणी धड आलंच नव्हतं, यंदा मूळ घरी वास्कोचे, मुंबईचे मिळून पाच बिऱ्हाडं येणार. घुमट वाजवत आरती म्हटली की एवढ्याशा खोलीत वीसेक माणसं घसा फाडून ओरडणार, तिथे मास्कबिस्क कसला, आणि गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या माटोळीच्या खाली भिंतीला टेकून आई बसणार, वय ७१, शुगर. दुसरा डोस गेल्या वर्षीच्या जुलैतला. बूस्टर, म्हणजे तिसरा, नाही. ती नको म्हणते म्हणून नाही हां! दोनदा जाऊन आली आरोग्य केंद्रावर, दोन्ही वेळा परत पाठवली. कोविशील्ड लसीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे बाटलीत, दहा डोस, एकदा फोडली की चार तासांत संपवायची, त्यामुळे सिस्टर म्हणाली दहा जण जमल्याशिवाय फोडत नाही, आजी उद्या या. बाकावर तीनच म्हाताऱ्या. उद्या या म्हणजे परत बस, परत तो चढ, गुडघे कोणाचे जातात? १० तारखेला पंचायतीचं मतदान झालं, नवे पंच अजून ताजे आहेत, तोवर त्यांना गाठून शनिवारी २० ला वाड्यावरच कॅम्प लावून घेऊया असं माझं म्हणणं. बोला.

पिकअपवाला:
बोलतो. मी घेणार नाही. पहिल्याला दोन दिवस ताप, दुसऱ्याला हात वर होईना, गाडी बंद म्हणजे धंदा बंद, ते पैसे कोणी दिले? आणि एवढं करून जानेवारीत कोविड झालाच की, अख्ख्या घराला. मग तिसरा कशाला. आधी म्हणाले ४ आठवड्यांनी दुसरा घ्या, मग ६ ते ८, मग १२ ते १६. बूस्टरला ९ महिने म्हणत होते ते गेल्या महिन्यात ६ झाले. २०२१ च्या मे मध्ये १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन ही जंतांवरची गोळी देणार म्हणून आपल्या गोव्यातच जाहीर झालेलं, आठवतंय ना, तेव्हा डब्ल्यूएचओ नको म्हणत होती तरी. आता तेच लोक सांगणार बूस्टर घ्या. सुप्रीम कोर्टाने पण यंदा २ मेला सांगितलंय, जबरदस्ती करता येत नाही.

फोंड्याचे_नाना:
अरे जबरदस्ती करतंय कोण तुला? आणि निकाल अर्धाच वाचायचा नसतो, लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही कोर्टाने त्यातच म्हटलंय. माझं वय ६८. २०२१ चा मे आणि यंदाचा जानेवारी तू एकाच तराजूत घालतोस? तेव्हा रोज सकाळी पेपर उघडला की ऑक्सिजन, प्रकरण हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. जानेवारीत माझ्या ओळखीतले सगळे चार दिवस घरी कण्हले आणि उठले. ओमिक्रॉन मवाळ होता हे मान्य, पण अंगात दोन डोस होते ते काय वाया गेले? लस घेतली की होणारच नाही असं समजून बसलास ही चूक तुझी. ती हॉस्पिटलची पायरी चुकवण्यासाठी असते.

पिकअपवाला:
नाना, समजून मी नाही बसलो, तसंच सांगितलं होतं तेव्हा. आणि तुम्हाला पेन्शन आहे, दोन दिवस पडून राहिलात तरी चहा वेळेवर येतो.

तारवटी_पेडणे:
मी बोटीवरचा माणूस, मला घ्यायची की नाही असा प्रश्नच नव्हता, लस नाही तर जॉइनिंग नाही. गंमत बघा, गावात ८४ दिवस, म्हणजे ते १२ आठवडे, थांबा म्हणत होते आणि आम्हा परदेशी जाणाऱ्यांना तीच कोविशील्ड २८ दिवसांनी टोचली. म्हणजे ८४ ही काही दगडावरची रेघ नव्हती. अंतर वाढवलं की लस जास्त चांगली लागते हे खरंच होतं, पण तेव्हा साठा पण नव्हता, तेवढं सरळ सांगितलं असतं तर पिकअपवाल्यासारखे एवढे चिडले नसते. कोव्हॅक्सिन घेतलेले माझे दोन सोबती तर २०२१ च्या ३ नोव्हेंबरला डब्ल्यूएचओची मान्यता येईपर्यंत घरी माशा मारत बसले. मी लस सर्टिफिकेटसाठी घेतली, खोटं कशाला बोलू.

काजूवाली_सत्तरी:
बूस्टर हा शब्द आम्हाला कोविडने शिकवलेला नाही. गोचिडीने होणाऱ्या माकडतापाच्या लसीचे आधी एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग वर्षाला एक असे किती तरी. सुई दुखायची, आणि ऐन काजूच्या दिवसांत बागायत सोडून कोण रांगेत उभं राहणार. पहिला सगळ्यांनी घेतला, दुसऱ्याला निम्मे, पुढे कोणी फिरकलंच नाही. माझी सासू म्हणायची गोचीड परवडली. तेव्हा कोणी अफवा पसरवली नव्हती हो, व्हॉट्सअॅप पण नव्हतं तिच्याकडे, माणसं नुसती कंटाळली. तेच आता होतंय. पिकअपवाल्या दादाला समजावत बसण्यापेक्षा मयेच्या भाऊंचं ऐका, म्हाताऱ्यांच्या दारात न्या. तरुण धडधाकट माणसाने, त्यात जानेवारीत होऊन गेलेल्याने नाही घेतला तर माझी काही तक्रार नाही.

फोंड्याचे_नाना:
तक्रार कशी नाही? आरतीला तोच शेजारी उभा राहणार ना.

काजूवाली_सत्तरी:
नाना, बूस्टर घेतलेला पण कोविड देतोच की दुसऱ्याला. ज्याला खोकला त्याने आरतीला येऊ नये एवढं पाळलं तरी पुष्कळ. पण सांगणार कोण, जावयाला?

सिस्टर_दुसऱ्या_तालुक्यातली:
व्हायलचं खरं आहे. वाया गेली की वरून विचारणा होते आणि परत पाठवलं की लोक आम्हाला शिव्या घालतात. कॅम्प लावणार तर आधी यादी करा, कोविशील्डवाले वेगळे, कोव्हॅक्सिनवाले वेगळे, मागची जी घेतली तीच मिळते, कोर्बेवॅक्स या वेगळ्या लसीला बूस्टर म्हणून याच महिन्यात परवानगी आलीय पण ते तुमच्या केंद्रावर आहे का विचारून घ्या. दुसऱ्या डोसची तारीख लिहा, सहा महिने झालेले हवेत. आणि मोबाईल नंबर! पहिल्या डोसला पंचायतीत मदतीला बसलेल्या पोराच्या नंबरवर नोंदवलेल्या म्हाताऱ्या आहेत, आता त्या पोराने सिम बदललंय, ओटीपी जातो भलत्याकडेच. २० तारीख बरोबर आहे, चवथीच्या दोन दिवस आधी नका घेऊ, अंग दुखलं तर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, कोण करणार.

मये_तळ्याकाठचा:
सिस्टर आभारी आहे. पैशांचं पण सांगतो कारण दोघांनी विचारलं. म्हाताऱ्यांना सरकारी केंद्रावर आधीपासूनच फुकट, १८ ते ५९ वाल्यांना १५ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत फुकट. एप्रिलपासून खासगीत २२५ अधिक सर्व्हिस चार्ज होता म्हणून मी स्वतः थांबलो होतो, कबूल. काल संध्याकाळी वाड्यावर फिरलो. बारा नावं मिळाली, माझं धरून. त्यातले तीन कोव्हॅक्सिनवाले निघाले. राहिले नऊ. आणि पंच म्हणतो बघूया, म्हणजे कॅम्पचं काही खरं नाही, केंद्रावरच न्यावं लागणार.

पिकअपवाला:
माझ्याकडे बघू नका. मी कोविशील्डवाला आहे पण दहावा मी नाही. गाडी देतो शनिवारी. म्हाताऱ्या पुढच्या सीटवर दोन दोन करून, मागे हौद्यात कोणाला बसवणार नाही. चार पाच फेऱ्या होतील.

मये_तळ्याकाठचा:
डिझेल माझं. नाना, दहावे तुम्ही येता का फोंड्याहून?

फोंड्याचे_नाना:
माझा एप्रिलमध्येच झाला रे.