शब्दचर्चा : अटाकापा की इशाक?

विचारणा

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या इतिहासावरचा एक मजकूर मराठीत आणतोय. मेक्सिकोच्या आखाताला लागून, नैर्ऋत्य लुइझियाना आणि आग्नेय टेक्सास या पट्ट्यात राहणाऱ्या 'अटाकापा' लोकांचा त्यात वारंवार उल्लेख येतो. मूळ लेखकाने पहिल्याच उल्लेखाला 'म्हणजे नरभक्षक' अशी पुस्ती जोडली आहे. ती तशीच ठेवावी का? नाव अटाकापा, अटॅकपा की अताकापा? आणि हे लोक स्वतःला काय म्हणवत?

पाणथळ

पुस्ती व्युत्पत्ती म्हणून बरोबर आहे, वर्णन म्हणून ठेवू नका.

शब्द त्या लोकांचा नाहीच. तो चॉक्टॉ भाषेतला. 'हत्तक' म्हणजे माणूस, 'अपा' म्हणजे खाणे. घडण अगदी आपल्या 'माणूसखाऊ'सारखी, आधी कर्म आणि मग क्रियापद. चॉक्टॉ लोक पूर्वेला, मिसिसिपीच्या बाजूचे. मिसिसिपी नदीच्या खालच्या अंगाला वेगवेगळ्या भाषांचे लोक आपसात एक व्यापारी बोली वापरत. तिला मोबिलियन म्हणतात आणि तिचा बराचसा शब्दसाठा चॉक्टॉच्या घराण्यातला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच तिथे बस्तान बसवत होते. पश्चिमेकडे कोण राहतं हे त्यांना शेजाऱ्यांच्या तोंडून कळलं, नावही शेजाऱ्यांनी दिलेलंच मिळालं. फ्रेंच जिभेवर 'ह' टिकत नाही, म्हणून 'हत्तक'चा 'अत्तक'. संथ वाहणाऱ्या ओढ्यासाठी लुइझियानात सर्रास चालणारा 'बायू' हा शब्दही चॉक्टॉमधूनच फ्रेंचांकडे आला.

त्यांचं स्वतःचं नाव 'इशाक', अर्थ 'माणूस, लोक'. 'युकहिती इशाक' असंही पूर्ण रूप मिळतं. आपल्याकडे बाहेरच्यांनी 'गोंड' म्हटलं तरी ते स्वतःला 'कोइतूर' म्हणवतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे शेजाऱ्याने दिलेल्या नावात सरळसरळ आरोप आहे.

बखरवाचक

आरोप पूर्ण हवेतला होता असंही म्हणता येत नाही. सिमार्स द बेलील नावाचा फ्रेंच अधिकारी १७१९ मध्ये गॅल्व्हेस्टन उपसागराच्या किनाऱ्यावर अडकला. सोबतचे भुकेने गेले, तो अकोकिसा लोकांच्या हाती लागला. अकोकिसा म्हणजे इशाकांचेच टेक्सासकडचे भाऊबंद. त्यांच्यात त्याने गुलामासारखे दिवस काढले आणि १७२१ च्या सुमारास फ्रेंच ठाण्यावर परतला. शत्रूला मारून त्याचं मांस खाल्लेलं पाहिलं, असं त्याने लिहून ठेवलंय.

पाणथळ

बेलीलचं टिपण मलाही ठाऊक आहे. पण ते एका माणसाचं, तेही कैदेत हालअपेष्टा सोसलेल्या माणसाचं. त्यात जे आहे ते लढाईत हाती लागलेल्या शत्रूबाबतचं. रोजच्या जेवणाचं नव्हे. हे लोक जगत होते मासे, शिंपले, मगरी, पाणपक्षी, कंदमुळं यांवर. एका प्रसंगावरून अख्ख्या समाजाच्या नावाचा अर्थ सिद्ध झाला असं धरणं मला पटत नाही. दुसरं असं, की बेलील अकोकिसांत होता, आणि चॉक्टॉ नाव चिकटलं सगळ्यांना.

विचारणा

मग सरळ 'इशाक' लिहितो. आक्षेपार्ह शब्द हवाच कशाला?

सायली

दादा, दोन अडचणी. 'इशाक' नुसतं लिहिलंत तर निम्मे मराठी वाचक इसहाक पैगंबर समजतील. ती पहिल्या उल्लेखाला 'इशाक लोक' लिहून सुटेल. दुसरी मोठी आहे : कागदपत्रांत सगळीकडे अटाकापाच आहे. 'पोस्ट दे अटाकापा' हे फ्रेंच ठाणं म्हणजे आजचं सेंट मार्टिनव्हिल. आसपासच्या सगळ्या मुलुखालाच अटाकापा म्हणत. १७६५ मध्ये कॅनडाकडच्या नोव्हा स्कोशियातून हाकललेले अकेडियन, म्हणजे तिथले फ्रेंच वसाहतवाले, तिथे आले, गुरं पाळून स्थिरावले, आणि त्यांच्या कागदांत 'अटाकापाला राहतो' असं येतं तेव्हा त्याचा अर्थ मुलूख असा असतो. लोकांचं नाव जमिनीला लागलं आणि लोक तिथून मागे हटत गेले. तुमच्या मजकुरात असे उल्लेख असतील तर तिथे 'इशाक' घालणं चूक ठरेल.

आणि आजचे वंशजही 'अटाकापा-इशाक' असं जोडनावच वापरतात. नैर्ऋत्य लुइझियानातल्या लेक चार्ल्स शहराच्या भागात आणि इतरत्र त्यांची संघटना आहे, अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मात्र अजून नाही. त्यांनी जुना शब्द टाकलेला नाही. आपण इथून तो त्यांच्यासाठी पुसायला निघणं जरा आगाऊपणाचं होईल.

लेखनाबद्दल : इंग्रजी उच्चार 'अटॅकपा'च्या जवळ जातो. फ्रेंच आणि चॉक्टॉ दोन्हींत दंत्य त, म्हणजे 'अताकापा' अधिक खरं. पण मराठीत ट रुळतोय, तर 'अटाकापा' ठेवा. फ्रेंच कागदांतल्या रूपाच्या शेवटी अनेकवचनाचा स दिसेल. तो उच्चारत नाहीत, 'अटाकापास' लिहू नका.

बखरवाचक

त्यांच्या भाषेतलं एखादं नाव आजही नकाशावर आहे का?

पाणथळ

एक ठसठशीत आहे. लेक चार्ल्स ज्या परगण्यात येतं त्याचं आणि तिथल्या नदीचं नाव 'कॅल्कशू'. इंग्रजी स्पेलिंग बघून 'कॅल्केसियू' वाचाल तर फसाल. 'कत्कोश' म्हणजे गरुड, 'योक' म्हणजे ओरडणं. लढाईत गरुडासारखी आरोळी ठोकणाऱ्या एका सरदाराचं हे नाव, अशी आख्यायिका सांगतात. फ्रेंचांनी ते 'केल्कशू'सारखं काहीतरी लिहिलं आणि पुढे आजचं रूप आलं.

भाषेचं म्हणाल तर ती एकाकी धरतात, सिद्ध झालेलं नातं कुणाशीच नाही. अमेरिकन भाषा-अभ्यासक जॉन स्वॉन्टन यांनी १९१९ मध्ये ती ट्युनिका आणि चिटिमाशा या शेजारच्या भाषांसोबत एका कुळात बसवून पाहिली. सर्वमान्य झालं नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी, हे आपल्यासारखं. कर्ता क्रियापदाच्या शेपटाला लागतो, तेही 'करतो-करतेस' म्हणणाऱ्याला परकं वाटू नये. पण कर्म क्रियापदाच्या पुढे उपसर्ग होऊन चिकटतं, त्याला आपल्याकडे जोड नाही.

पूर्व आणि पश्चिम बोलींत अंतर बरंच. पश्चिमेकडे एक, दोन, तीन म्हणजे 'तनुक, त्सिक, लत'. पूर्वेकडे 'हन्निक, हप्पल्स्त, बत्त'. एक भाषा म्हणायची की दोन, असा प्रश्न पडावा इतकं. पूर्वेकडचं जे हाती आहे ते मुख्यतः मार्टिन दुराल्द या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये नोंदवलेल्या यादीमुळे.

सायली

पश्चिमेकडचं जवळजवळ सगळं आल्बर्ट गॅचेट यांच्यामुळे. भाषा-अभ्यासक, मूळचे स्विस. जानेवारी १८८५ मध्ये लेक चार्ल्सला जाऊन लुइसन हंटिंग्टन आणि डेलायला मॉस या दोन बोलणाऱ्यांकडून त्यांनी शब्द, वाक्यं, कथनं उतरवून घेतली. छापलं काही नाही, १९०७ मध्ये वारले. स्वॉन्टन यांनी १९०७-०८ मध्ये तिथे जाऊन पाहिलं तेव्हा भाषा येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दोघांची सामग्री एकत्र करून शब्दकोश निघाला तो १९३२ मध्ये, म्हणजे गॅचेट यांच्या टिपणांना तोवर ४७ वर्षं झाली होती.

तो कोश उघडणार असाल तर एक ध्यानात ठेवा. त्यात रोमन सी हे अक्षर 'श'साठी वापरलंय. त्यामुळे 'इशाक' हा शब्द तिथे 'इकाक' किंवा 'इचाक' वाचावासा वाटेल. 'ईशा'सारख्या रूपांत शोधत बसलात तर सापडायचा नाही.

विचारणा

आभार. लोकांसाठी 'इशाक (अटाकापा)', मुलुखासाठी नुसतं 'अटाकापा' असं ठरवतो. पुस्ती काढून तिथे 'चॉक्टॉ शेजाऱ्यांनी दिलेलं नाव, शब्दशः माणूसखाऊ' एवढी तळटीप. कॅल्कशूचं मात्र मी 'कॅल्केसियू'च टाइप केलं होतं, सात ठिकाणी. आत्ता बदलतो.