विहिरीवरच्या मोटरीची थरथर लॅपटॉपवर कशी आणू?

यावलकर: केळीला पाणी देणारी मोटर बेअरिंग जायच्या आधी वेगळीच थरथरते, हात लावला की कळतं. म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला अ‍ॅक्सिलरोमीटर (थरथर मोजणारा सेन्सर) जोडलाय. लिनक्सचा आयआयओ (सेन्सर वाचणारा) ड्रायव्हर त्याला ओळखतो, पण पायथनच्या लूपमध्ये सिसएफएसच्या (लिनक्स जिथे सेन्सरचे आकडे दाखवतं त्या) फाईली वाचतो तर मधली रीडिंग गळतात.

भुसावळकर: भाऊ, तिथून एका वेळी एकच रीडिंग मिळतं, थरथरीला ते पुरणार नाही. ट्रिगर (रीडिंग कधी घ्यायचं ते सांगणारा इशारा) लावून बफर (रीडिंग ओळीने साठवणारी जागा) चालू करा. पायवर आयआयओडी, म्हणजे ही रीडिंग नेटवर्कवर देणारा प्रोग्राम, चालू ठेवा. लॅपटॉपवरची लिबआयआयओ लायब्ररी ती ३०४३१ पोर्टवरून गठ्ठ्याने वाचेल.

यावलकर: बफर दिसतंय. पण घरची लाईट गेली की वायफाय बंद, मोटर मात्र शेतीच्या लाईनवर चालूच.

चोपडेकर: मग आरएमएस (थरथरीचा जोर सांगणारा एक आकडा) पायवरच काढा दादा, मेमरी कार्डावर लिहा, आणि वायफाय आलं की तेवढंच एमक्यूटीटीने (छोटे निरोप पाठवायची पद्धत) पाठवा.