मिंटवर मालिका लागेना

संगणकावर लिनक्स मिंट ही प्रणाली टाकून आठवडा झाला. फायरफॉक्समध्ये मालिका लावली की नुसता काळा चौकोन. वर्षाचे पैसे भरून बसलोय हो! वर कसलीशी पट्टी आली होती, ती मी घाईत बंद केली.

— तीच तर डीआरएमची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाची पट्टी! सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली डीआरएमची खूण करा. वाइडवाइन, म्हणजे ते कुलूप उघडणारा छोटा प्रोग्राम, आपोआप उतरेल.

— चाललं! पण सबटायटल कोरीव आणि चेहरे पाण्यात भिजल्यासारखे. नेट तर झकास आहे.

— नेटचा दोष नाही. लिनक्सवर वाइडवाइन बहुतेक एल३ पातळीवर, म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालतं. म्हणून बऱ्याच सेवा एचडी देताना हात आखडता घेतात. मीही दोन रात्री ड्रायव्हर बदलत बसलो होतो, उगाच.

— मग सिनेमा टीव्हीवरच. मिंट मात्र काढणार नाही!