मदत हवी आहे: रोज नवी वजाबाकीची वर्कशीट कशी बनवायची?

सिंहगडरोडकर
मुलगा वजाबाकीत अडकलाय. अप्पा बळवंत चौकातून तीन पुस्तकं आणली, एका पानावर सगळ्या प्रकारची गणितं, त्यातली याच्या कामाची चार, आणि त्यांची उत्तरं आता त्याला पाठ झालीत. मला फक्त त्याची चुकतात तसलीच गणितं हवीत, रोज वेगळी, पानावर पंधरा-वीस. हाताने लिहून लिहून वैतागलो. पटकन सांगा, उद्यापासून सुरू करायचंय.

गणूचीआई
कितवीत आहे? मीडियम कोणतं? आणि चुकतं काय ते लिहिलंच नाहीत.

पेठकर
अबॅकस लावा. माझी भाची बोटं हवेत नाचवत एवढाल्या बेरजा करते.

सिंहगडरोडकर
क्लास विचारला नाहीये हो. तिसरी, मराठी. हातच्याची वजाबाकी, अजून काय असणार!

जुनामास्तर
चुकलेली एक-दोन गणितं जशीच्या तशी टाका.

सिंहगडरोडकर
५२ - ३७ = २५
४०२ - १७८ = ३७६
बेरीज मात्र पक्की आहे.

जुनामास्तर
मग हा धांदरटपणा नाही. प्रत्येक घरात तो मोठ्यातून लहान वजा करतोय, २ मधून ७ जात नाहीत म्हणून सरळ ७ मधून २. अशी वीस गणितं रोज दिलीत तर हीच सवय घट्ट होईल. आधी काड्या घ्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, आणि ३७ काढून दे म्हणा. गठ्ठा सोडल्याशिवाय जमणारच नाही. शून्यवाली नंतर, तिथे दशकाकडेच काही नसतं, शतकाकडे जावं लागतं.

एक्सेलभक्त
काड्या ठीक, पण प्रश्न शीटचा आहे. एक्सेलमध्ये रँडबिटवीन वापरा, दिलेल्या दोन आकड्यांमधला कुठलाही आकडा काढून देणारा फॉर्म्युला. वरचा एकक ० ते ८, खालचा एकक वरच्याहून एकने जास्त ते ९, म्हणजे प्रत्येक गणितात हातचा येणारच. वरचा दशक ३ ते ९, खालचा १ पासून वरच्याहून एक कमी. फॉर्म्युला खाली ओढला की वीस गणितं तयार.

पेठकर
आमच्या वेळी निमकी-पावकी, म्हणजे अर्ध्या-पावाचे पाढे, तोंडपाठ असायची, एक्सेल नव्हतं. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं वीस एक केलं तेव्हाच मी म्हटलं होतं...

गणूचीआई
पावकीचा आणि हातच्याचा काय संबंध? उलट पन्नास दोन म्हटलं की पाच गठ्ठे न् दोन सुट्या डोळ्यासमोर येतात, बावन्नमध्ये आधी दोनच ऐकू येतो.

पेठकर
मग भाजीवालीकडे पन्नास दोन रुपये द्या म्हणजे झालं.

सिंहगडरोडकर
भांडण वेगळ्या धाग्यावर करा ना प्लीज. एक्सेलचं जमलं, पण प्रश्न काल छापले, उत्तरं आज छापली, एकही जुळत नाही! पोरगं म्हणतं बाबा तुमचंच चुकलंय.

एक्सेलभक्त
फाइल उघडली की आकडे बदलतात. आधी सगळं कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज करा, म्हणजे फॉर्म्युला जाऊन नुसते आकडे राहतील, मग छापा.

सिंहगडरोडकर
ओके. काड्यांनी १५ आलं बरं का त्याचं. कागदावर परत २५.

जुनामास्तर
काड्या इतक्यात उचलू नका. शेजारी ठेवूनच कागदावर लिहू द्या, गठ्ठा सुटला की ५ खोडून ४ करायचे. आणि वीस नको, पाचच द्या.

पेठकर
छापता कशावर? आमचा प्रिंटर कागद ओढत नाहीये.